संगणकाचा सातबारा

नारायणगावहून खोडदकडे निघालं की द्राक्षबागा आणि टोमॅटोच्या शेतांमधून एकदम ४५ मीटर व्यासाची जाळीदार डिश डोकं वर काढते. मग दुसरी दिसते, मग तिसरी. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्नर तालुक्यात उभी केलेली ही महाकाय रेडिओ दुर्बीण, जीएमआरटी. एकूण ३० डिश. त्यातल्या १४ मध्यभागी साधारण एक चौरस किलोमीटरच्या टापूत, उरलेल्या १६ तीन फाट्यांवर, आणि सगळा पसारा सुमारे २५ किलोमीटरचा. फेब्रुवारीअखेर विज्ञान दिनाला शाळाशाळांतली मुलं इथे लोटतात आणि सगळ्यांच्या माना वर असतात.

मान खाली घालून पाहावी अशीही एक गोष्ट या दुर्बिणीच्या कामात आहे. ती म्हणजे एक साधी टेक्स्ट फाइल.

३० डिशच्या जोड्या होतात ४३५. प्रत्येक जोडीने टिपलेले संकेत एकमेकांशी ताडून पाहिले जातात आणि त्या नोंदींमधून आकाशाचं चित्र तयार होतं. पण कच्च्या नोंदींत माणसांनी केलेली रेडिओ खरखरही मिसळलेली असते. ती काढून टाकायची, ओळखीच्या रेडिओ स्रोतांवरून मापं जुळवायची, चित्र काढायचं, त्या चित्रावरून मापं सुधारायची, पुन्हा चित्र काढायचं. या किचकट कामासाठी पुण्याच्या एनसीआरए या संस्थेतल्या रुता काळे आणि सी. एच. ईश्वर-चंद्र यांनी ‘कॅप्चर’ नावाचं सॉफ्टवेअर रचलं. त्यावरचा त्यांचा शोधनिबंध २०२१ चा. ते वापरणारा संशोधक काय करतो? एक फाइल उघडतो आणि एकेका बाबीपुढे हो किंवा नाही लिहितो. खराब नोंदी वगळायच्या? हो. चित्र काढायचं? हो. मापं सुधारण्याच्या फेऱ्या किती? एक आकडा. फाइल सेव्ह केली की पुढचं सॉफ्टवेअर बघून घेतं. काय हवं तेवढं संशोधकाने सांगितलं. कसं करायचं, कोणत्या क्रमाने करायचं, याचा एक शब्दही लिहिला नाही.

आता ही कल्पना ताणून पाहा. एका कामाऐवजी अख्खा संगणकच असा एका फाइलीत मावला तर? त्याची भाषा, फाँट, प्रिंटर, ब्राउझर, वापरकर्ते, सुरक्षेची कुंपणं, सगळं?

मावतो. आणि तो कसा मावतो हे कळलं की मन थक्क होतं.

आधी आपल्या नेहमीच्या संगणकाची अवस्था बघू. तुमच्या लॅपटॉपमध्ये आज नेमकं काय काय आहे, सांगता येईल? कधीतरी प्रिंटरसाठी काहीतरी इन्स्टॉल केलं. कुणीतरी सांगितलं म्हणून एक सेटिंग बदललं. एक सॉफ्टवेअर काढून टाकलं, पण त्याची पिल्लं मागे राहिली. आजचा लॅपटॉप म्हणजे अशा हजारो कृतींचा साचलेला गाळ. जमिनीच्या भाषेत बोलायचं तर फेरफार उदंड झाले, त्यातले निम्मे नोंदवलेच नाहीत, आणि आज जमीन नेमकी कशी आहे हे सांगणारा सातबारा तर कुणी लिहिलेलाच नाही. लॅपटॉप बिघडला की दुरुस्तीवाला ‘फॉरमॅट मारू’ म्हणतो, त्याचं कारण हेच. काय होतं तेच माहीत नसेल तर तिथे परत कसं जाणार?

निक्सओएस नावाच्या लिनक्सने हा व्यवहार उलटा केला. इथे तुम्ही थेट सातबारा लिहायचा: संगणक असा असावा. त्यासाठी कोणते फेरफार लागतील ते यंत्र स्वतः शोधून काढतं आणि नोंदवूनही ठेवतं.

फाइल उघडून पाहू. वेळेच्या रकान्यात एशिया/कोलकाता. भाषा मराठी, देश भारत. फाँट लोहित. (हा फाँट पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने घडवला आणि रेड हॅटने २००४ मध्ये सगळ्यांसाठी खुला केला. लिनक्सवर मराठी नीट वाचता येऊ लागली त्यात त्याचा वाटा मोठा आहे.) कीबोर्ड इनस्क्रिप्ट. प्रोग्राम दोन, फायरफॉक्स आणि लिबरऑफिस. प्रिंटरची सेवा चालू. फायरवॉल चालू. वापरकर्ता एक. घरगुती संगणकाला पन्नास-साठ ओळी पुरतात. मग एक आज्ञा द्यायची आणि यंत्र फाइल वाचून तसं घडतं.

या ओळी वरखाली करून पाहा. फाँटची ओळ शेवटी न्या, प्रिंटर पहिला आणा. काही फरक पडत नाही! कारण ही कृतींची यादी नाहीच, हे वर्णन आहे. आता लिबरऑफिसची ओळ पुसा आणि पुन्हा आज्ञा द्या. नव्या रचनेत लिबरऑफिस नाही. ते उखडून काढलं असं नव्हे, तर ते कधी नव्हतंच अशी रचना नव्याने उभी राहिली. काढून टाकण्याची कृतीच इथे शिल्लक राहिली नाही.

हे घडतं कसं? इथे आपल्याला नेदरलँड्समधल्या उट्रेख्त विद्यापीठात जावं लागेल. तिथे एल्को डोल्स्ट्रा नावाचा संशोधक २००३ पासून एका कटकटीच्या मागे लागला होता. नेहमीच्या लिनक्समध्ये सगळे प्रोग्राम आपली सामायिक सामग्री, म्हणजे लायब्ररी, ठरलेल्या दोनचार फोल्डरांत ठेवतात. एका प्रोग्रामला लायब्ररीची जुनी आवृत्ती हवी, दुसऱ्याला नवी, आणि जागा एकच. दुसऱ्यासाठी बदल केला की पहिला कोलमडतो. वर्षानुवर्षं जगभरचे लोक यावर डोकं फोडत होते. डोल्स्ट्राचं उत्तर ऐकायला इतकं साधं की हे आधी कसं सुचलं नाही असं वाटावं: जागा सामायिक ठेवूच नका. प्रत्येक वस्तूला स्वतःचं फोल्डर द्या, आणि त्या फोल्डरचं नाव ती वस्तू ज्या ज्या गोष्टींपासून बनली त्यावरून गणिताने काढा.

ज्या ज्या गोष्टींपासून म्हणजे खरोखर सगळ्या. मूळ कोड, तो कोड यंत्रभाषेत आणणारा कंपायलर, कंपायलरला दिलेल्या सूचना, लागणाऱ्या लायब्ररी, त्या लायब्ररींना लागणाऱ्या लायब्ररी, थेट तळापर्यंत. हे सगळं एका गणिती चक्कीतून काढलं की ३२ अक्षरांची एक माळ मिळते. प्रत्येक जागी ३२ पर्याय. म्हणजे शक्य नावं किती? जवळपास दीडवर ४८ शून्यं! दोन वेगळ्या वस्तूंना चुकून एकच नाव मिळण्याची भीती व्यवहारात उरत नाही. आणि तळाच्या एखाद्या लायब्ररीत एक अक्षर जरी बदललं तरी तिचं नाव बदलतं, तिच्यावर उभ्या असलेल्या सगळ्यांची नावं बदलतात. जुन्या वस्तू मात्र जुन्या नावांनी आपापल्या जागी शाबूत. म्हणून दोन आवृत्त्या शेजारी शेजारी सुखाने नांदतात.

प्रत्येक जागच्या या ३२ पर्यायांत १० अंक आहेत आणि २२ रोमन अक्षरं. २६ मधली चार गाळली आहेत: ई, ओ, यू आणि टी. का? आपोआप तयार होणाऱ्या माळेत चुकून एखादी इंग्रजी शिवी उमटू नये म्हणून. इतक्या मोठ्या रचनेत इतका बारीक विचार पाहिला की मला फार आनंद होतो.

नावाच्या या युक्तीतून आणखी एक नवल निघतं. नाव घटकांवरून ठरतं, म्हणजे वस्तू तयार व्हायच्या आधीच तिचं नाव माहीत असतं. मग तुमचा संगणक काय करतो? बांधायला बसण्याआधी सर्व्हरला विचारतो, या नावाची वस्तू कुणी बांधून ठेवली आहे का? असेल तर आयती उतरवून घेतो, नसेल तर स्वतः बांधतो. डोल्स्ट्राच्या या कल्पनेतून आलेल्या आणि निक्सओएसच्या मुळाशी असलेल्या निक्स या साधनाच्या भांडारात आज एक लाखाहून जास्त पॅकेजं आहेत आणि त्यातली बहुतेक अशी आयती मिळतात. समजा घोडेगावच्या एखाद्या शाळेत वीस संगणकांची लॅब आहे आणि इंटरनेट यथातथाच. एका संगणकाने वस्तू उतरवल्या की उरलेले एकोणीस त्याच्याकडूनच घेऊ शकतात. कुणाकडे काय कमी आहे हे नावांवरूनच कळतं.

आणि एखाद्या तयार प्रोग्रामला चालताना कशाकशाची गरज आहे हे निक्सला कोण सांगतं? कुणीच नाही. प्रोग्राम बांधून झाला की निक्स त्याच्या पोटातले सगळे बाइट चाळतं आणि त्यात कुठे ती ३२ अक्षरी नावं सापडतात का ते पाहतं. सापडलं, तर त्या वस्तूची गरज आहे. नाही सापडलं, तर नाही. एवढी लांब, एवढी विचित्र नावं योगायोगाने तर उमटणार नाहीत! नाव लांब ठेवल्याचा हा दुसरा फायदा.

अशा संगणकात शिरून, ही सगळी फोल्डरं जिथे राहतात त्या त्याच्या स्वतःच्या भांडारातल्या फाइलींच्या तारखा बघितल्या तर कुणीही चक्रावेल. सगळ्या फाइलींवर एकच तारीख: १ जानेवारी १९७०, पहाटेचे साडेपाच. फायरफॉक्स असो की फाँट, सगळे त्याच पहाटे जन्मलेले! वस्तू कधी बांधली यावरून तिच्यात फरक पडू नये म्हणून निक्स प्रत्येक फाइलीवरची तारीख पुसून युनिक्सच्या कालगणनेच्या आरंभाचा पहिला सेकंद लिहितं. ग्रिनिच प्रमाणवेळेनुसार तेव्हा मध्यरात्र होती. आपण साडेपाच तास पुढे, म्हणून जुन्नरमधल्या पडद्यावर पहाट दिसते.

आता लाइट जाण्याचं बघू. जुन्नर-आंबेगावात वीज कधी असते आणि कधी नसते हा रोजच्या बोलण्यातला विषय आहे. उसातल्या बिबट्यांमुळे रात्री पाणी धरायला जाणं जिवावरचं, म्हणून शेतीला दिवसा वीज द्या, अशी इथल्या शेतकऱ्यांची मागणी आहे. अशा ठिकाणी यूपीएस नसलेल्या डेस्कटॉपवर अपडेट चालू आहे आणि साठ टक्क्यांवर लाइट गेली. नेहमीच्या संगणकात अर्ध्या फाइली नव्या, अर्ध्या जुन्या अशी खिचडी होऊन पडण्याची धास्ती असते. निक्सओएसमध्ये काय होतं? नव्या वस्तू नव्या नावांच्या फोल्डरांत येत होत्या, जुन्यांना कुणी हात लावलेला नव्हता. लाइट आल्यावर संगणक जुन्या रचनेतच सुरू होतो. अपडेट पुन्हा चालू करा, पूर्ण उतरलेल्या वस्तू पुन्हा उतरवाव्या लागत नाहीत.

मग जुन्यातून नव्यात जाणं केव्हा होतं? अगदी शेवटी, एका क्षणात. ‘आजची रचना ही’ असं दाखवणारा एक बाण असतो, लिनक्समधला एक दुवा. सगळं तयार झालं की तो जुन्यावरून नव्याकडे एका झटक्यात वळवला जातो. लिनक्सची फाइलव्यवस्था हा बदल असा करते की मधली अवस्थाच नसते. बाण जुन्याकडे असतो किंवा नव्याकडे. शेकडो पॅकेजांचा बदल शेवटी एका बाणाच्या टोकावर येऊन उभा राहतो.

आणि जुनी रचना? ती तशीच राहते. संगणक सुरू होताना एक यादी दिसते: पिढी ४३, पिढी ४२, पिढी ४१, प्रत्येकीपुढे तारीख. नव्या अपडेटने वायफाय बंद पडलं? पुन्हा सुरू करा, खालची ओळ निवडा, एंटर दाबा. कालचा संगणक समोर हजर. जुन्या पिढ्या नको झाल्या की एक आज्ञा दिली की त्या झाडून निघतात, आणि ज्या वस्तू कुणालाच लागत नाहीत तेवढ्याच जातात.

काही लोक याच्याही पुढे गेले आहेत. त्यांचा संगणक दर वेळी सुरू होताना स्वतःची मुख्य डिस्क कोरी करतो! भांडार, स्वतःची कागदपत्रं आणि मुद्दाम जपलेल्या चार गोष्टी सोडून बाकी सगळं पुसतो आणि फाइलीवरून पुन्हा उभा राहतो. रोज नवा, रोज तोच. जे फाइलीत लिहिलं नाही ते उद्या असणार नाही, म्हणजे न नोंदवलेला फेरफार त्या यंत्रात एक रात्रही टिकत नाही.

हे नुसतं सोयीचं आहे असं कुणी समजू नये. खोडदचंच उदाहरण घ्या. २०१० ते २०१२ या काळात इथल्या दुर्बिणीने १५० मेगाहर्ट्झच्या आसपास जवळपास ९० टक्के आकाश नोंदवून ठेवलं. पुढे हुइब इंटेमा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच नोंदी नव्या सॉफ्टवेअरमधून काढल्या आणि २०१७ मध्ये ६ लाखांहून जास्त रेडिओ स्रोतांची यादी प्रसिद्ध केली. आकाश तेच, नोंदी त्याच; चित्र उजळलं ते सॉफ्टवेअरने. मग सॉफ्टवेअर हाही दुर्बिणीचाच भाग झाला ना? पण डिश गंजते ते दिसतं, सॉफ्टवेअर निकामी होतं ते दिसत नाही. खगोलशास्त्रात पायथन या संगणकभाषेच्या ज्या आवृत्ती २ वर ढीगभर काम झालं, तिची देखभाल १ जानेवारी २०२० ला संपली. ‘कॅप्चर’च्या फाइलीत काम काय करायचं ते लिहिलेलं असतं, पण तिच्याखाली कोणतं पायथन आहे, कोणत्या लायब्ररी आहेत, त्या कोणत्या कंपायलरने बांधल्या, हे तिथे येत नाही. निक्सची फाइल त्या थरापर्यंत उतरते. तिच्या सोबत ठेवता येणाऱ्या कुलूप-फाइलीत प्रत्येक घटकाची नेमकी आवृत्ती अक्षरांच्या माळेने बांधलेली असते. या दोन फाइली आणि मूळ कोड जपून ठेवला तर आजचं सॉफ्टवेअर दहा वर्षांनी दुसऱ्या संगणकावर पुन्हा उभं करण्याची वाट खुली राहते. माझ्या मते विज्ञानाला या कल्पनेची गरज घरगुती संगणकापेक्षाही जास्त आहे.

अडचणी आहेत, आणि त्या लपवण्यात अर्थ नाही. फाइल ज्या भाषेत लिहायची ती वेगळी आहे आणि चूक झाली की पडद्यावर येणारा संदेश भल्याभल्यांना कळत नाही. इंटरनेटवरून थेट उतरवलेला प्रोग्राम नेहमीच्या जागी लायब्ररी शोधतो, त्या तिथे नसतात, आणि तो चालायला नकार देतो. डिस्क जास्त लागते. फाइलीत पासवर्ड लिहू नये, कारण फाइलीतलं लिखाण भांडारात जातं आणि भांडार संगणकावरच्या सगळ्यांना वाचता येतं. आणि ही फाइल संगणक परत देते, तुमचे फोटो नाही. त्यांचा बॅकअप वेगळाच घ्यावा लागतो. ज्याला सावकाश शिरायचं आहे त्याने उबुंटूसारख्या चालत्या लिनक्सवर नुसतं निक्स घ्यावं, आणि ‘होम मॅनेजर’ने आधी फक्त स्वतःचे प्रोग्राम आणि सेटिंगं फाइलीत आणावीत. घरचा संगणक न मोडता चव कळते.

आता सगळ्यात तळाशी जाऊ. वस्तूचं नाव तिच्या घटकांवरून, घटकांचं त्यांच्या घटकांवरून. पण ही साखळी संपते कुठे? प्रत्येक प्रोग्राम बांधायला कंपायलर लागतो आणि कंपायलर हाही एक प्रोग्रामच. तो कुणी बांधला? आधीच्या कंपायलरने. आणि तो? युनिक्सच्या जनकांपैकी एक, केन थॉम्पसन यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात हादरवून टाकणारी गोष्ट दाखवली होती: कंपायलरमध्ये असा चोरकप्पा ठेवता येतो की जो मूळ कोड कितीही वाचला तरी दिसणार नाही आणि पुढच्या प्रत्येक कंपायलरमध्ये आपोआप उतरत जाईल. म्हणजे आपण ज्यावर विश्वास ठेवतो त्याची मुळंच न पाहिलेली.

लुडोविक कुर्टेस यांनी २०१२ मध्ये निक्सच्याच कल्पनेवर गीक्स नावाचा प्रकल्प सुरू केला. तिथल्या लोकांनी या मुळांचा पिच्छा सोडला नाही. एप्रिल २०२३ मध्ये त्यांनी जाहीर केलं की गीक्समधली २२ हजारांहून जास्त पॅकेजं आता एका बीजापासून बांधता येतात. ते बीज एक चिमुकला प्रोग्राम घडवतं, तो जरा शहाणा प्रोग्राम घडवतो, त्यातून छोटा असेंब्लर, त्यातून बाळबोध सी कंपायलर, मग थोडा मोठा, मग जीसीसी या मोठ्या कंपायलरची जुनी आवृत्ती, मग नवी, आणि मग सगळं विश्व. ही साखळी हाकायला अजून एक तयार लिनक्स आणि काही तयार प्रोग्राम लागतात, तेही कमी करण्याचं काम सुरू आहे. पण बीज केवढं? ३५७ बाइट. देवनागरीतलं एकेक अक्षर, एकेक मात्रा युनिकोडच्या रूढ साठवणीत ३ बाइट घेते, म्हणजे मराठीची ११९ चिन्हं, जेमतेम दोन ओळी. ते हाताने लिहिलेलं आहे, प्रत्येक आज्ञेशेजारी तिचा अर्थ लिहिलेला आहे, आणि एखादा चिकाटीचा विद्यार्थी कागद-पेन्सिल घेऊन बसला तर सुट्टीच्या एका दुपारी ते पहिल्या बाइटपासून शेवटच्यापर्यंत वाचून काढू शकतो.